आधी लवूचा टोप

मासा न घालता माशाची आमटी करता येते का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगते, "येते. मी चार वर्षं केली." ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी फुशारकी मारतेय. फुशारकी आहेच थोडी. पण त्या चार वर्षांत मी जेवढी धास्तावून जगले तेवढी आयुष्यात पुन्हा कधी जगले नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळत नव्हती आणि ती माझ्यामुळे मिळत नाही, अशी माझी पक्की खात्री होती. हसू नका. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

माझी खानावळ लालबागला होती. खानावळ म्हटल्यावर पाटी, टेबलं, गल्ल्यावर बसलेला मालक असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. चाळीतली एक खोली, तिच्या मागच्या निम्म्यात चूल आणि पाटा, पुढच्या निम्म्यात जेवणारे. गिरणीत काम करणारे कोकणातले पुरुष बायकामुलं गावाला ठेवून यायचे, दहा-बारा जण मिळून एक खोली घ्यायचे आणि जेवायला माझ्यासारखीकडे लागायचे. पाळीला जाणाऱ्याचा डबा टोपलीत भरून डबेवाली गिरणीत पोचवायची, बाकीचे खोलीत येऊन जेवायचे. आमचे यजमान छातीच्या दुखण्याने गेले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. गावाला जाऊन दिरांच्या दारात बसण्यापेक्षा मी चूल मोठी केली. जेवणारे चौदा होते. सगळे मालवणकडचे, सगळे मला वयनी म्हणायचे.

मालवणी माणसाला जेवायला घालणं म्हणजे मासे घालणं. सोमवार आणि चतुर्थी सोडली तर ताटात काहीतरी पोहणारं लागतं. नसलं तर तो उपाशी उठत नाही, पण असा चेहरा करतो की वाढणारीला आपणच काहीतरी पाप केल्यासारखं वाटतं. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं ठरलं आणि शहर पेटलं. आमच्या भागात संचारबंदी लागली, बाजार बंद झाला. तीन दिवस मासे नाहीत, भाजी नाही. मी फळीवरचे डबे खाली काढले. एक दिवस काळ्या वाटाण्यांचं सांबार, एक दिवस कुळथाची पिठी, एक दिवस फणसाच्या सुकवलेल्या आठळ्या घालून उसळ. खोबरं आणि आमसुलं घरात होती, त्यामुळे सोलकढीही झाली. चौदा माणसं चेहरे पाडून जेवली, पण पोटभर जेवली.

चौथ्या दिवशी लवू आला तो दारातच बसला. लवू म्हणजे माझ्या जेवणाऱ्यांतला सर्वांत अबोल, वय असेल पंचविशीचं, साच्यावर काम करायचा. साचा म्हणजे कापड विणायचा माग. त्याच्या शेजारच्या साच्यावरचा त्याचा जोडीदार मोर्च्यात गेला होता आणि गोळीबारात मारला गेला. लवूने ताट पुढे ओढलं नाही. "मुंबय मिळापर्यंत मी मासो खावचंय नाय," एवढंच म्हणाला.

मग दुसऱ्याला स्फुरण चढलं, मग तिसऱ्याला. सगळेच म्हणाले, आम्हीपण नाही खाणार. तेव्हा दाजी उठला. दाजी वयाने मोठा, त्याच गिरणीत, गावाकडे देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या घरातला. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेलं मागणं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्या पुरुषांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बायकांनी बोलायची रीत नाही, त्यामुळे मी चुलीपाशी पदर सावरून उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा पोटासाठी ह्या मुंबयत इलेली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"ही मुंबय आमच्या घामार उभी आसा, ती आमच्या मुलखाक मिळांदे."

"व्हय म्हाराजा!"

"ती मिळापर्यंत ह्यांतलो कोण मासो खावचो नाय, मटाण खावचो नाय, अंडा खावचो नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"दूध, दही, ताक, तूप, जनावराचा म्हणून जा काय आसा, ता तोंडात घालूचो नाय!"

"व्हय म्हाराजा!" झालं, आणि मग सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

"दाजी, दूध कित्याक घातलास मधी?"

"ओघात इला," दाजी म्हणाला. "आता इला ता इला. गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय."

आता माझी काय पंचाईत झाली ते बघा. चौदा मासे खाणारे, आणि मी त्यांना फक्त झाडाला लागतं, वेलीला लागतं आणि जमिनीतून निघतं तेवढंच घालायचं. चहासुद्धा कोरा. पहिल्या आठवड्यात मी अक्कल चालवून चहात नारळाचं दूध घातलं. तो चहा फाटला, वर तेलाचे डोळे आले आणि दाजी म्हणाला, ह्यापेक्षा मुंबई गेलेली बरी. महिनाभरात तेरा जण ढेपाळले. पुन्हा दाजीनेच तोड काढली. देवापुढे नारळ ठेवून त्याने सांगितलं की सगळ्यांच्या वतीने एकाने पाळलं तरी चालेल. "लवू, पाळशीत?" लवूने मान हलवली. तेरा जण सुटले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी बांगडे मागितले.

म्हणजे अख्ख्या खोलीचा नवस आता एकट्या लवूच्या पोटात होता. आणि लवूच्या पोटात काय जायचं ते माझ्या हातात होतं.

मी त्याच्यासाठी वेगळा टोप आणला, वेगळा डाव आणला आणि नियम घातला: आधी लवूचा टोप, मग जगाचा. सकाळी घासलेल्या पाट्यावर पहिलं वाटप, म्हणजे खोबरं-मसाल्याचा गोळा, वाटायचं, त्यातलं लवूचं काढून त्याचं कालवण शिजवायचं, टोपावर झाकण पडलं की मगच घरात मासळीला हात लावायचा. हे ऐकायला सोपं आहे. दोन पाळ्यांचे डबे वेळेवर धाडायचे असतात तेव्हा करून बघा.

आणि रोज घालायचं काय? शाकाहारी जेवण मला येत होतं, पण ते सणाचं. एक दिवस माणूस कौतुकाने खातो, रोज खात नाही. मी विचार केला, याच्या जिभेला नक्की काय हवंय? तिला आंबट हवं, तिखट हवं, ओलं खोबरं हवं, आणि तिरफळाचा तो झणका हवा. तिरफळ आपण बांगड्यात घालतो म्हणून आपल्याला तो माशाचा वास वाटतो. तो तर झाडाचा वास. मग मी माशाचं सगळं ठेवलं आणि मासा काढला. नीरफणसाचे बोटभर जाड काप करायचे, हळद, मसाला आणि आमसुलाचं आगळ चोळायचं, तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि तव्यावर खोबरेल सोडून दोन्हीकडून लाल करायचे. डोळे मिटून खाल्लं तर सुरमई. कच्च्या केळ्याची तशीच तुकडी. तिरफळ घातलेल्या आमटीत सुरण. कोवळ्या फणसाची कुयरी तंतू सुटेपर्यंत शिजवली की मटणाच्या वाटपात तिची फोड ओळखू येत नाही. ओल्या काजूची उसळ हंगामात. पावसात टाकळा, अळू. दिवाळीला तुपाऐवजी खोबऱ्याच्या तेलातली चकली, गुळाचे लाडू, आणि नारळाच्या रसात बुडवलेल्या खापरोळ्या, ज्यांना दुधाची आठवणही येत नाही.

सुरणाने एकदा फजिती केली. सुरण आमसुलाच्या पाण्यात नीट भिजवला नाही तर घसा खाजतो. घाईत भिजवायचा राहिला. लवू एक शब्द न बोलता सगळं जेवला आणि पुढे दोन दिवस मोर्च्यात त्याच्या तोंडातून घोषणा फुटेना. मला हे दाजीने सांगितलं. लवू कधीच तक्रार करायचा नाही. पहिल्यांदा तिरफळाची आमटी केली तेव्हा मी मुद्दाम उभी राहून विचारलं, "कशी झाली रे?"

त्याने आधी भाताचा शेवटचा घास संपवला. "बरी झाली वयनी," म्हणाला. "फक्त काटो नाय."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

असे सहा महिने गेले आणि पावसाळा आला. पावसात होड्या किनाऱ्याला लागतात, नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी नाही. मग सुक्यावर भागवायचं. माझ्याकडे जवळ्याचा डबा भरलेला असायचा. जवळा म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी, नखाएवढी. वांग्याचं कालवण करायचं, लवूचं टोपात काढायचं आणि उरलेल्यात भाजलेला जवळा वरून टाकायचा, अशी माझी पद्धत. पण आदल्या दिवशी दाजी कुरकुरला होता, जवळा दातांत अडकतो म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या वाटून घालते.

दुसऱ्या सकाळी मी जवळा भाजला आणि खोबऱ्याबरोबर पाट्यावर घेतला. वाटप कालवणात घातलं, उकळी आली, लवूचं टोपात काढलं, डबा भरला, डबेवालीच्या टोपलीत ठेवला. रोजची सवय हात करत होते आणि डोकं कुठेतरी दुसरीकडे होतं. नंतर पाटा धुवायला घेतला. पाट्याला टाकी लावलेली असते, त्या बारीक खड्ड्यांत वाटप अडकून राहतं. बोटाने ते काढताना एक लालसर मिशी निघाली. जवळ्याची.

मी ओल्या हातांनी गिरणीच्या फाटकापर्यंत धावले. डबे आत गेले होते. दरवानाला सांगणार काय? एका माणसाच्या डब्यात चिमूटभर जवळा गेलाय, साचे थांबवा? मी तशीच परत आले. दुपारी लवूचा डबा आला तो पुसून काढल्यासारखा रिकामा होता.

संध्याकाळी लवू आला, नेहमीसारखा बसला आणि दोन भाकऱ्या जास्त जेवला. मला वाटलं, सहा महिन्यांनी मासा पोटात गेला, भूक खवळली बिचाऱ्याची. त्याला कळलं तरी आहे का? विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कळलं नसेल तर सांगून त्याचं मन कशाला मोडा? आणि बाकीचे तेरा काय म्हणतील? खानावळीत जेवणाऱ्याचा विश्वास एकदा उडाला की चूल विझवलेली बरी. अशी मी स्वतःला समजावत राहिले. खरं सांगायचं तर मी घाबरट होते.

त्यानंतर काही दिवसांतच बातमी आली. महाराष्ट्र नाही, गुजरात आणि महाराष्ट्र मिळून एकच द्वैभाषिक राज्य होणार. पेपर वाचणाऱ्याच्या भोवती सगळे ताटं सोडून गोळा झाले. कोणीतरी म्हणालं, "आपल्या गाऱ्हाण्यात खय तरी खोट पडली असतली."

माझ्या हातातला डाव खाली पडला.

"खोट बीट काय नाय," दाजी जोरात म्हणाला आणि चुलीकडे बघितलं. मला वाटलं, डाव पडल्याचा आवाज झाला म्हणून बघितलं.

आता कोणी म्हणेल, बाई, राज्यं दिल्लीत ठरतात, पाट्यावर नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली होते, मलाही कळत होतं. पण पहाटे चूल पेटवताना माणूस सातवी शिकलेला नसतो. मला एकच दिसायचं. त्याचा जोडीदार रस्त्यावर पडला, त्याच्यासाठी या पोराने तोंडातला घास सोडला आणि मी तो नासवला. मी तेव्हाच ठरवलं, मुंबई मिळेपर्यंत आपणही मासा खायचा नाही. कोणाला सांगितलं नाही. तेरा जणांचे मासे रोज केले, चव न घेता केले आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर लवूच्या टोपातलं उरलेलं खाऊन उठले.

एक मात्र झालं. स्वतःला खावं लागायला लागल्यावर माझं ते जेवण सुधारलं. दुसऱ्यासाठी रांधताना बाई हात राखते, स्वतःच्या जिभेला फसवता येत नाही. दादरच्या बाजारातली भाजीवाली मला ओळखायला लागली होती, नीरफणस आला की दोन बाजूला ठेवायची. दाजीसुद्धा कधी कधी आपला बांगडा सोडून लवूच्या टोपातला काप मागायचा. मी देत नसे.

लवूला एक नवीन खोड लागली होती. जेवायला बसला की ताट उचलून आधी नाकाशी न्यायचा, मग पहिला घास. रोज. मला गलबलून यायचं. केवढा हा माशासाठी झुरतोय, तिरफळाच्या वासावर समाधान मानतोय, असं वाटायचं. मी त्याच्या आमटीत तिरफळं वाढवली.

शेवटी साठ सालची एक मे उजाडली आणि मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागला त्या सकाळी जे झालं ते सांगायला दुसरे पुष्कळ आहेत. मी पहाटेच बाजारातून बांगडे आणले होते, ताठ, चकचकीत डोळ्यांचे. सगळे न्हाऊन, धुतलेले कपडे घालून आले. मी लवूचं ताट वाढलं, बांगड्याची आमटी, तळलेला बांगडा, भात, सोलकढी. ते त्याच्यापुढे ठेवायला वाकले आणि मला ते ठेवता येईना. मुंबई मिळाली होती, आता काय बिघडणार होतं? पण खोटं ताट कसं वाढू?

"लवू, तुझा नवस मी चार वर्षांपूर्वीच मोडला," मी सगळ्यांसमोर म्हटलं. वांगं, जवळा, पाटा, फाटक, सगळं एका दमात सांगितलं आणि रडायला लागले.

लवू दाजीकडे बघत होता. दाजी मान खाली घालून हसू दाबत होता.

"वयनी," लवू म्हणाला, "मालवणी माणूस मी. झाकण काढलंय आणि वास इलो. जवळ्याचो वास माका कळाचो नाय?"

"म्हणजे? खाल्लं नाहीस?"

"डबो दाजीक दिलंय. त्येनी पुसून खाल्ल्यान. मी कोरडी भाकरी खाल्लंय."

म्हणून संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त! "अरे मेल्या, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी रडला असतात," तो म्हणाला. "आणि बाकीचे तुमका बोलले असते. त्येच्यापेक्षा मी आदी वास घेवन मगे जेवक लागलंय."

चार वर्षं मी त्या नाकाकडे बघून तिरफळं वाढवत होते! मी दाजीवर घसरले. "आणि तुम्ही हो दाजी? एवढं गाऱ्हाणं घालणारे, एक शब्द नाही?"

"बेस झाला होता कालवण," दाजी म्हणाला. "वाटून घातल्यावर दातांत अडकला नाय."

मी हसत होते की रडत होते, मला कळत नव्हतं. छातीवर चार वर्षं ठेवलेला पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं हलकं वाटत होतं. दाजी उठला. नवस केला तसा फेडायलाही गाऱ्हाणं लागतं.

"बा देवा म्हाराजा! मुंबय दिलस, उपकार झाले."

"व्हय म्हाराजा!"

"लवून सगळ्यांच्या वतीन पाळल्यान, ता मान्य कर."

"व्हय म्हाराजा!"

"वयनीच्या हातान जवळो पडलो तो चुकान पडलो आणि दाजीच्या पोटात गेलो. तेची खोट कोणाक लागांदे नको!"

सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने मीच ओरडले, "व्हय म्हाराजा!"

रीत मोडली. लवूने आपलं ताट उचललं, सवयीने नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"आज आदी वयनीचा."

"मी नंतर बसेन रे. तू चार वर्षं..."

"तुमीपण चार वर्सा," तो म्हणाला. "टोप माझो. त्यातला कोण खाता, ता माका कळाचा नाय?"

मी त्या सगळ्यांसमोर खोलीच्या पुढच्या निम्म्यात, पुरुषांच्या पंगतीत बसले. बांगडा मोडला, भातात कालवला आणि घास घेतला. काटे काढायची सवय गेली होती. पहिल्याच घासाला घशात टोचलं आणि मला ठसका लागला.

लवूने सोलकढीची वाटी पुढे केली. "काय झाला वयनी?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "आज काटा आहे."